खांद्याचं कोणी शिकवलं

तारीख चौदा, बुधवार

चि. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तू बरी असशील असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. चार बुकं शिकलेली मी, चुका पोटात घाल.

टेलरची काजं अजून मीच करते. त्याने नवीन मुलगी ठेवलीय, तिची काजं बघून बटणं लाजतात. परवा विचारत होता, "आजी, नातीच्या नाचाची तालीम बघून आलात, कशी झाली?" म्हटलं, "घाम बराच गाळला पोरींनी."

तुला सांगायचं ते वेगळंच आहे.

तुमच्या त्या नाचात चौघी ओळीने बसता, शर्टाची बटणं लावता आणि मधेच हात उडतो. तू म्हणालीस, "आजी, हे रक्तातलं नसतं, बघून बघून लागतं, तेच नाचातून दाखवायचंय." बाई, ते मीच तुझ्या डोक्यात भरलेलं. आधी तुझ्या आजोबांचा हात उडायचा, मग तुझ्या बापाचा. मी म्हणायचे, पोराने बापाची नक्कल केली, खोड जडली. पाच वर्षांची असताना तू ताटावर तसाच हात उडवलास, तेव्हा पट्टीने मारलं. सहाव्या वर्षी वसतिगृहात धाडलं, सुटीत मावशीकडे. दिसलंच नाही तर लागणार कसं? डॉक्टर म्हणाला होता, रक्तातून येतं. मी म्हटलं, तुमच्या येत असेल. एवढी शहाणी मी.

तालमीत आठाची मोजणी थांबली की तिघींचे हात थांबत होते. तुझा थांबला नाही. दमली असेल, म्हणून मी तेही सोडून दिलं.

मग तू बाकावर पाणी प्यायला बसलीस. तुझा डावा खांदा कानापर्यंत वर गेला आणि सावकाश उतरला. मैत्रीण म्हणाली, "हे छान आहे, नाचात घे." तू म्हणालीस, "काय छान?"

तुझ्या बापाचा खांदा तू वसतिगृहात गेल्यावर दोन वर्षांनी उडायला लागला. तो तू कधी पाहिलाच नाहीस. मग नक्कल कोणाची केलीस?

बाबांना भेटायचंय, म्हणून तू सात पत्रं लिहिलीस. तो दाराकडे तोंड करून बसायचा. मी त्याला शेवटपर्यंत एकही वाचून दाखवलं नाही. तुम्हा दोघांना तोडलं ते फुकटच.

डॉक्टरकडे जा. औषध नाही म्हणेल. भांडू नकोस, मी भांडून पाहिलंय. नाचाचा प्रयोग लांबणीवर टाकू नकोस.

माझ्या हातात सुई अजून थरथरत नाही. पाच वर्षं याच हाताने भरवलं तुला. बघून लागतं, तर याचं काहीच कसं लागलं नाही तुला?

घरी ये. हात उडाला तर उडू दे, कोणी मारणार नाही.

पट्टी मोडलेली,
तुझी आजी