पन्नासावी दुप्पट

नाशिक रोड, ३ ऑगस्ट २०२५

चि. रविराज यास अनेक आशीर्वाद.

पक्षाघातानंतर जीभ अडखळते, फोनवर माझं बोलणं कुणाला कळत नाही. म्हणून डाव्या हाताने खरडलेले हे कोंबडीचे पाय गोड मानून घे.

तू लहानपणचा आपला दुपटीचा खेळ पुन्हा सुरू केलास, बरं केलंस. एकापासून दुप्पट करत करत तुझी एकोणपन्नासावी मिळाली: ५६,२९,४९,९५,३४,२१,३१२. माझी पन्नासावी: १,१२,५८,९९,९०,६८,४२,६२४. संगणकावर ताडून बघ. बरोबर असेल तर कॉलनीतल्या मुलींची गणिताची शिकवणी पुन्हा सुरू करीन. चुकली तर फळा उज्वलाला देऊन टाकीन, माझी विद्यार्थिनीच ती, आता शिकवण्या घेते. फसवायचं नाही हं!

तुझी आत्या

इगतपुरी, ७ ऑगस्ट

ती. प्रतिभाआत्यास, सा. न. वि. वि.

हापिसातल्या संगणकावर ताडलं. सगळं जुळलं, फक्त तुझ्या शेवटच्या चारच्या जागी तो शून्य दाखवतो. फसवू नको म्हणालीस, म्हणून लिहिलं. एवढ्याशा चाराने काय होतंय! तुझ्या सुनेने, राखीने, नाचणीचे लाडू केलेत, पाठवतो.

तुझा रविराज

नाशिक रोड, ११ ऑगस्ट

चि. रविराज, आशीर्वाद.

एवढ्याशा चाराने काय होतंय? अरे, जिला साधी दुप्पट जमेना, ती कसली गणिताची बाई! पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मला चारच येतो. म्हणजे डोक्यात काय बिघडलंय तेही मला कळत नाही. फार भीती वाटते रे. उज्वला रविवारी फळा न्यायला येईल. खेळ पुरे आता.

आत्या

इगतपुरी, १६ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न.

फळा देऊ नकोस! पत्र वाचून मी कागदावर मांडलं. बे दुणे चार! दोनावर संपणाऱ्या आकड्याची दुप्पट शून्यावर संपेलच कशी? तो प्रोग्रॅम पंधराच अंक धरतो म्हणे. सोळावा आला की शून्य ठेवून मोकळा. तुला सोडून त्या खोक्यावर विश्वास ठेवला, कान पकडतो.

एक्कावन्नावी मी हाताने केलीय: २,२५,१७,९९,८१,३६,८४,२४८. टपालाचा भरवसा नाही, आमच्या रेल्वेतल्या झुंबर गार्डच्या हाती धाडतोय.

तुझा रविराज

नाशिक रोड, १८ ऑगस्ट

चि. रविराज, खूप खूप आशीर्वाद.

काल उज्वला फळ्याला दोरी बांधत होती, तेवढ्यात झुंबर आला. पत्र वाचून आधी हसले, मग रडले. उज्वलाने दोरी सोडली.

मग तुझी एक्कावन्नावी बघितली. गाढवा, हातचा एक खाल्लास! चौऱ्याऐंशी नव्हे, पंच्याऐंशी. बघताक्षणी दिसलं मला. मुद्दाम चुकला असलास तर लबाड आहेस, आणि खरंच चुकला असलास तर रविवारी शिकवणीला येऊन बस.

आज मुली आल्या. बोलायला गेले तर शब्द फुटेना. मग डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं, बे दुणे? सगळ्या एका सुरात ओरडल्या, चार!

लोभ आहेच, तो दुप्पट होवो. हातचा विसरू नकोस.

तुझी आत्या