तुमच्यामागचं आभाळ

बाबा, आज दिवसभर तलावाच्या पाळीवर वाऱ्यात उभी होते. कंबर धरली आहे, डोळ्यांत धूळ गेली आहे, आणि आता स्टुडिओचं शटर अर्धं ओढून तुम्हाला लिहीत बसले आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, चालू दुकान बंद ठेवून ढगांचे फोटो काढायचं हे काय खूळ? सांगते.

तुम्ही गेल्यापासून माझं निम्मं काम गेलेल्या माणसांचंच झालं आहे. लोक आधार कार्ड घेऊन येतात, नाहीतर कुणाच्या लग्नातला घोळक्याचा फोटो, आणि म्हणतात, यातून आमचा म्हातारा काढून द्या. मी म्हाताऱ्याला घोळक्यातून वेगळा करते, कॉलर नीट करते आणि मागे निळं आभाळ अन् पांढरे ढग लावते. आभाळाशिवाय तो फोटो भिंतीवर लागत नाही. मागे पडदा असेल तर माणूस आहे, ढग असतील तर गेला, हे इथे ब्रह्मपुरीत काय आणि नदीपलीकडे गडचिरोलीकडच्या गावांत काय, कुणाला सांगावं लागत नाही. ढग मात्र माझ्याकडे एकच आहे, कॉम्प्युटरमध्ये आयता मिळालेला, कुठल्या देशातला कोण जाणे. अर्धा तालुका त्याच ढगात जाऊन बसला आहे. कंटाळा आला आहे मला त्याचा.

तुमचा तसा फोटो मी इतकी वर्षं केला नाही. आज करू, उद्या करू म्हणत टाळत राहिले. आईनेही जोर केला नाही. पण आता तिची नजर जाते आहे, आणि डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं सांगितलं आहे. परवा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मले दिसते तवरक त्यायचा फोटो लाव वं बाई. मंग लावशीन तं मी काय पाहू?" मी हो म्हटलं, तर लगेच पुढचं, "पण तो ढग नोको लावू. शेजारच्या बुढीच्या मांगं तोच, तिच्या जावयाच्या मांगंबी तोच. त्यायले आपल्या इकडचं आभाळ पायजे."

तुमचा फोटो तरी कुठे, एकच आहे. या स्टुडिओत जगाला माना वर करायला लावल्या, स्वतः कधी कॅमेऱ्यापुढे आला नाहीत. मी तुमच्याकडे शिकत होते तेव्हा खोटं गिऱ्हाईक म्हणून पडद्यासमोर स्टुलावर बसला होता आणि माझ्यावर खेकसत होता, "उजेड कुठून येऊन राह्यला ते पाह्य पहिले. बटन मंग दाब!" मला राग आला आणि मी तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत बटन दाबलं. फोटोत तुमचं तोंड अर्धं उघडं आहे, भुवया चढलेल्या, केस नेहमीसारखे पाणी लावून चापून बसवलेले, आणि डावीकडे दिसणाऱ्या गालावर आपल्या खिडकीतला उजेड. म्हणून आभाळही डावीकडून उजळलेलं हवं होतं. नाहीतर तुम्ही तिथे उपरे दिसला असता.

सकाळी ढग नुसते राखाडी, सपाट. दुपार कलली तशी फाटाफूट झाली. मी उत्तरेकडे तोंड करून उभी, ऊन डावीकडून. वारा असा की ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगली तरी तो थरथरतो, ओढणी उडून लेन्सवर येते. ढगाची कड चकाकते, मी बटनावर बोट नेते, तोवर उजेड धानाच्या बांध्यांवरून पळत पार पलीकडे गेलेला. शेताकडे निघालेला एक म्हातारा थांबला. "काऊन बाई, पीक विम्याच्या सर्वेवाली होय का?"

"नाई भाऊ, ढगायचे फोटो काढून राह्यली."

"ढगायचे? मंग आमच्या धानाचाबी काढ. तो तं उभा आहे, पळत नाई."

काढला. परतून पाहते तर उत्तरेला एक मोठा ढग अर्धा उजळलेला, डावीकडून, अगदी तुमच्या गालासारखा. दिवसभरात हा एवढाच एक फोटो बरा आला. मग मी तिथेच पाळीवर बसले आणि रडले. तुम्हाला गेलेल्यांत बसवायला आपण आभाळ शोधतो आहोत, हे दिवसभर मनात येऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी तुम्हाला पडद्यापासून सोडवलं. कानाची कड, मग दुसरा कान. हात सवयीचा आहे, तरी आज थकला. प्रिंट फ्रेममध्ये घालून मागच्या घरात नेली. आईने ती नाकाशी धरली, बोटाने ढग चाचपला आणि म्हणाली, "एवढा वारा सुटला, आन् यायचा एक केस नाई हालला." हसली. मग पदराने काच पुसून फ्रेम माझ्याकडे दिली. खिळा मी ठोकला.

तिला एक सांगितलेलं नाही. पडद्यासमोरचा तो जुना फोटो मी लहान करून काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे, तयार पासपोर्ट फोटोंमध्ये. हा कुणाचा राहिला म्हणून गिऱ्हाइकाने विचारलं, तर मी म्हणणार आहे, राहू द्या, येतील न्यायला.