उजवखुरीची पात

कोरेगाव, ११ फेब्रुवारी २०२४

ती. वन्संना मायाचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. शिवतेज रजा संपवून युनिटला गेला. यांना जाऊन तीन महिने होतील. मी बरी आहे.

काल सुलाबाईच्या गव्हाच्या कापणीला सावडीनं गेले होते, ती उद्या आपल्याकडं येईल. सवयीनं उजव्या कडेची पात धरली. तुम्ही सगळे डावखुरे, विळ्याला विळा लागू नये म्हणून मला कायम तीच पात असायची. सुलाबाई म्हणाली, कुठलीबी धर, आपण सगळ्या सारख्याच. मी म्हटलं, आमच्यात मला उजवखुरी म्हणतात. तशा बायका हसल्या. उजव्या हाताच्या माणसाला कसलं आलंय नाव, म्हणाल्या.

खरंच आहे. तो शब्द फक्त आपल्या घरात लागायचा. आता तशी हाक मारणारं कोणी उरलं नाही. एवढा गहू निघाला की रान वाट्यानं देते आणि शिवतेजच्या म्हणण्याप्रमाणे पुण्याला सुनेकडे जाते. डाव्या हाताचे विळे कुणाला देऊ, कळवा.

लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची माया

सांगली, १७ फेब्रुवारी

चि. मायाला अनेक आशीर्वाद.

विळ्यांना हात तर लावून बघ. नवी आलीस तेव्हा आमच्या विळ्यानं तुला चार काड्या कापता येईनात. आमचे आबा म्हणाले, पोरीला कामाची सवय न्हाई. तुझा तानाजी म्हणाला, सवय हाय, ती उजवखुरी हाय. तोवर आमच्यात हा शब्दच नव्हता. त्यानंच लोहाराकडून तुझा विळा करून आणला आणि तुझ्या शेजारची पात धरली. "तुझी मूठ माझ्या मुठीला लागती" म्हणून दरसाल कुरकुरायचा. पात बदलली का कधी?

रान कुणाला देऊ नको. गहू पिकला की कळव. गुडघा गेलाय, हात शाबूत आहे.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पत्र टाक.

अंजना

कोरेगाव, ५ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

सुखरूप पोचलात ना? गुडघ्याला तेल लावत जा.

गहू कापायला तुम्ही यांचा विळा घेऊन शेजारी बसलात, तेव्हा मला वर बघवेना. मग आपल्या मुठी एकमेकींना लागल्या आणि तुम्ही भर रानात ओरडलात, "उजवखुरे, सरक की तिकडं!" तेव्हापासून सुलाबाई मला त्याच नावानं हाक मारते. तिला सांगितलंय, तो हक्क सासरच्या माणसांचा.

विळे पुसून आढ्याला खोवलेत. रान मीच करणार. शिवतेजला कळवलंय, पुण्याला चार दिवस येईन आणि परत फिरेन. पुढच्या सालची तुमची पात राखून ठेवते.

तुमची,
उजवखुरी