शनवारी उपाशी

सहदेव,

शनवारी तू उपाशीच अमरावतीले गेला. घरी मटण शिजलं तं हात लावला नाही. मले वाटलं, पोरगं मारुतीचा उपास धरून राहिलं. छप्पन साली दीक्षा घेतली तवा सारे देव नदीत सोडले, अन् ह्यानं लपवून एक आणला! रागारागात तुयी पेटी उचकली. देव नव्हता. बाहीत रक्ताचा डाग पडलेला सदरा होता.

सदरा दाखवून गावातल्या कंपाउंडरले विचारलं. तो म्हणे, रक्तातली चरबी मोजाले उपाशीपोटी रक्त काढतात, तरण्या माणसाचं हार्ट कसं आहे ते पाहाले.

तुया मोठ्या भावाले छातीतच कळ आली होती.

तुले विचारलं तं खरं सांगशील, याचा आता भरवसा नाही. अमरावतीले डॉक्टरलेच विचाराले जाऊन राहिलो. भाकर अन् बिनतेलाचं वरण झाकून ठेवलं आहे.

पेटीत देव सापडला असता तं बरं झालं असतं.

बाबा