मोरघारीचा डोळा

नंदुरबार, माघ वद्य तृतीया, १९३६

मोरघार मिळाली एकदाची. आज फोटोची काच धुतली. फोटो लख्ख आलाय असं सगळे म्हणतात. मला दिव्यापाशी धरूनही नुसता डाग दिसतो.

डोळे अधू झालेत म्हणून काल विसरवाडीच्या रानात बायकोला सोबत नेलं. काळ्या कापडाखाली ती पहिल्यांदाच शिरली. आतून म्हणाली, "अहो, हाई ते उलटी टांगेल शे." कॅमेऱ्याच्या दुधी काचेत सगळं उलटंच दिसतं, हे तिला सांगायचं राहिलंच होतं. हसू दाबून मी विचारलं, "डोळा कसा शे?"

"पिवळाधमक."

मग दुधी काचेच्या जागी फोटोची काच सरकवली आणि अंदाजानेच शटरचा रबरी फुगा दाबला.

किती वर्षं या रानात हिंडलो. तुरा, पंजे राहू देत, तो डोळा एकदा बघायचा होता. फोटोत पिवळा उतरत नाही, म्हणजे तिथेही तो नाहीच. मघाशी जेवताना पुन्हा विचारलं, खरंच पिवळा होता का? भाकर वाढता वाढता ती थांबली.

"व्हता ना. मन्हाकडेच देखी ऱ्हायनी व्हती."

वाट मी पाहिली. मोरघारीने पाहिलं ते हिच्याकडे.