साऱ्या शिवाराची हायब्रीड

माय, यंदाही पाऊस लांबला आणि मला तुझं ते वर्ष सारखं आठवतं आहे. अमडापूरच्या आपल्या शिवारात पहिली पेरणी करपून गेली होती. पुन्हा पाऊस आला तोवर घरची ज्वारी पेरायची वेळ टळलेली. लवकर पिकणाऱ्या हायब्रीड ज्वारीचं बियाणं गावात आलं होतं, पण कोणी हात लावेना. जो एकटा पेरेल त्याचीच कणसं आधी भरतील आणि सारी पाखरं त्याच्याच वावरात उतरतील, ही भीती. ती खोटीही नव्हती. आदल्या साली काकांचं वावर तसंच रिकामं झालं होतं.

बाबा आणि काका ओसरीवर बसून गाव सोडायचं बोलतायत. तू तव्यावरची भाकर तशीच टाकून दारात येतेस, डोक्यावरचा पदर सारखा करतेस. "एकल्याचं वावर पाखरं खाऊन टाकतीन. साऱ्याइनं पेरलं त किती खातीन?" ऐन वेळी बाकीचे फिरले तर काय, असं काकांनी विचारलं. "इचारून पाहू त खरं," एवढंच म्हणालीस.

तू घरोघर गेलीस आणि बायांशीच बोललीस, कारण पाखरं राखायचं काम त्यांचं. जी हो म्हणे ती पुढच्या घरी तुझ्यासोबत येई. शेवटच्या घराशी पोचलात तेव्हा मोठा घोळका झाला होता. शिवार एकदमच पेरलं गेलं. कणसं भरली तशी पाखरं आलीच, पण वावरांच्या हद्दींवर, धुऱ्याधुऱ्यावर आपण गोफणी घेऊन उभ्या होतो. काही दाणा गेला, काही काळा पडला, भाकरीला चव नव्हती. तरी गावातल्या एकाही घराला कुलूप लागलं नाही.

इथे साखरखेर्ड्यात, माझ्या सासरी, आता पावसाचा नेमच राहिला नाही. येतो तेव्हा मातीसकट वाहून जातो. उतारावरच्या प्रत्येकानं धुऱ्याजवळची थोडी जमीन सोडून बांध घातला, तर पाणी थांबेल. एकानं नाही म्हटलं तर तिथूनच सारं निघून जाईल. काल शेजारच्या बाया आल्या. "तुमीच पयले चाला, मांगून आमी हावोच," म्हणाल्या. मी "हाव, येते," म्हटलं.

उद्या सकाळी घरोघर विचारायला निघायचं आहे. पहिल्याच घरानं नकार दिला तर दुसऱ्या घरी काय तोंड घेऊन जायचं, हे मला सुचत नाही. तेव्हा तसं झालं असतं तर तू काय करणार होतीस, ते तू होतीस तोवर विचारलं नाही. आता हा कागद धाडू तरी कुठे. मला फार भीती वाटते, माय. बायांना मी हे सांगितलेलं नाही.