कठड्यावरचा चमचा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूत सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, पण कारण वाचलंस की रागावणार नाहीस. देव माझ्याशी बोलला. मंगळवारी टाइलवाले काकांच्या गच्चीवर आमचा प्रार्थनागट जमला होता. डोळे मिटून बसलो होतो आणि अगदी स्पष्ट शब्द आले: मोकळा हो, माझ्या कामाला लाग.

काकांच्या ओळखीचं एक सेवाकेंद्र आहे, डोंगरापलीकडे. तिथे माणूस हवाय. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणं सोडून मी पुढच्या महिन्यात तिकडे जावं असं दिसतंय. पप्पांची काळजी करू नकोस. काकांनीच एक वृद्धाश्रम सुचवलाय. स्वच्छ आहे, खिडक्या मोठ्या आहेत. मात्र एकट्या मुलाच्या शब्दावर ते कुणाला ठेवून घेत नाहीत, थोरल्या मुलीचीही संमती लागते. तेवढं कळव.

पप्पा आहेत तसेच. उजवी बाजू हलत नाही, बोलणं परत येईल ही आशा डॉक्टरांनी सोडली. दुपारी शेजारच्या शिंपीणबाई डोकावून जातात.

तुझा लोभ आहेच, त्यात या वेळी थोडा आनंदही मिसळ.

तुझा धाकटा

१० फेब्रुवारी

चि. संदेष्टेसाहेबांस,
अ. आ., आणि त्यासोबत चिमूटभर अक्कलही.

पत्र मिळालं. आनंद मिसळायला घेतला, पण हसूच इतकं आलं की त्याला जागा उरली नाही.

देव तुझ्याशी पहिल्यांदा बोलला तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास आणि तू गिटार घ्यावीस असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्याने तुला संध्याकाळचा अभ्यासक्रम सोडायला सांगितलं, परीक्षेच्या बरोबर आदल्या आठवड्यात. मोटरसायकलच्या वेळी तर त्याने रंगसुद्धा सांगितला होता, लाल. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याचं आणि तुझं मत प्रत्येक वेळी इतकं तंतोतंत कसं जुळतं, याचं मला कौतुक वाटत आलंय. आता मला एकच सांग. त्याने कधी तुला असं काही सांगितलं का, की जे ऐकून तुझं तोंड कडू झालं?

मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते, हे तू विसरलेला दिसतोस. दिवसभर कानात लोक. त्यातला निम्मा गाव स्वतःला मोठा माणूस म्हणवतो. परवा एकाने भारदस्त आवाज काढून सांगितलं की मी विश्वस्त बोलतोय, माझ्या मेहुण्याला स्वतंत्र खोली द्या. मी त्याला सरळ चौकशीच्या खिडकीकडे पाठवला. आमचे म्हातारे विश्वस्त कधी खोली मागत नाहीत. ते फोन करतात तेव्हा विचारतात, बाहेर बाकावर कोण ताटकळतंय. नाव कुणीही सांगेल रे. माणूस काय मागतो त्यावरून तो कोण ते कळतं.

आणि तुझे टाइलवाले काका! आत्याच्या स्वयंपाकघरात त्यांनी बसवलेल्या फरश्या वर्षभरात उचकटल्या. तेव्हाही त्यांनी वर बघून प्रभूची इच्छा असं म्हटलं होतं. सिमेंट कमी घातलं होतं, ते प्रभूच्या माथी.

संमती मिळणार नाही. शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्या गटात नसल्या तरी घरात डोकावतात.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. करतो, कारण करायची रीत आहे.

तुला घरचे लोक लहानपणी कात्री म्हणायचे ते उगीच नाही. पण थट्टेने सत्य बदलत नाही. मी एकट्याने ऐकलं असतं तर संशय घेतला असता. मला तीन जणांकडून खात्री मिळाली आहे. आधी काका म्हणाले की तुझ्याबद्दल मोकळं होण्याचा शब्द आलाय. मग गटातल्या नर्सबाई रस्त्यात भेटल्या आणि तेच म्हणाल्या. आणि रविवारी बँडवाले भाऊ, जे एरवी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत, त्यांनी माझा हात धरून तोच शब्द उच्चारला. तिघे वेगवेगळ्या वेळी. याला तू काय म्हणशील?

आणि एक बोलतो. पप्पांना झटका आल्यापासून तू दोनदा आलीस. दोन्ही वेळा फळांची करंडी घेऊन, दोन्ही वेळा परतीचं तिकीट काढून. एवढ्या लांबून उपदेश करायला कान कशाला लागतो, तोंड पुरतं.

इथे काय असतं ते ऐक. ज्या माणसाचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जायचा, त्याच्या डाव्या हातात आता एक स्टीलचा चमचा आहे. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तो वाजवतात. झपाझप वाजवला तर पाणी. एकच जोराचा ठोका म्हणजे कूस बदल. चमचा कठड्यावरून घासत नेला तर चादर ओली झालीय आणि त्याची त्यांना लाज वाटतेय. मी स्वयंपाकघरात असतो, नळ सोडलेला असतो, कुकर ओरडत असतो, तरी मला कळतं. शिंपीणबाईंना मात्र सगळं पाणीच वाटतं. त्या पेल्यावर पेले पाजतात आणि चादरी मी धुतो.

लोभाबद्दल पुढच्या वेळी लिहीन.

धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. भावास,
अ. आ. (राग गिळून).

करंडी लागली. लागू दे, लागायलाच हवी होती.

आता तुझे तीन साक्षीदार. मंगळवारी गच्चीवर तुला शब्द आला, तो तू पहिल्यांदा कुणाला सांगितलास? काकांना. मी पैज लावते. काकांनी नर्सबाईंना सांगितलं की याच्यासाठी प्रार्थना करा. नर्सबाईंचं माहेर बँडवाल्यांच्या दारासमोर आहे. आमच्या बोर्डावर हे आठवड्यातून एकदा होतं. लेखा विभागातला फोन प्रयोगशाळेत जातो, तिथून कुणीतरी क्ष-किरण विभागात जोडतं, तिथून भांडारात, आणि शेवटी लेखा विभागातच घंटी वाजते. तिथला कारकून उचलतो आणि म्हणतो, बाई, बाहेरून फोन आलाय! तुझ्याच तोंडचा शब्द गल्ली फिरून घरी आला आणि तू त्याला स्वर्गातून आलाय म्हणून खुर्ची दिलीस. तिघांपैकी एकाने तरी विचारलं का, की पप्पांचं काय?

माझा खरा संताप पुढेच आहे. मूर्खा, तुला ऐकायचं कसं हे कुणी शिकवायला हवंय? नळ, कुकर आणि सगळ्या गोंगाटातून तू एका चमच्याचा अर्थ लावतोस. गच्चीवर डोळे मिटून नाही शिकलास ते. जवळ राहून शिकलास, दहादा चुकून, चादरी धुऊन. मग देवाचं बोलणं कळायला टाइलांचा व्यापारी कशाला लागतो? की त्याच्याजवळ राहायला वेळ नाही, म्हणून निरोप्यांवर भागवतोस?

आणि आणखी एक. बोर्डावर जो माणूस फार वेळ दुसऱ्याचं नाव पुढे करून बोलतो, त्याला बहुतेक वेळा स्वतःसाठीच काहीतरी हवं असतं आणि मागायची लाज वाटत असते. तुझ्या दोन्ही पत्रांत देव आहे, काका आहेत, चमचा आहे. तू कसा आहेस याची एक ओळ नाही. काय झालंय ते सांग. देवाला मध्ये न घालता.

माया आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.

ताई

१ मार्च

ताई,

तू म्हणालीस तसंच निघालं. बँडवाले भाऊंना विचारलं. त्यांना नर्सबाईंनी सांगितलं होतं, नर्सबाईंना काकांनी. ते बिचारे उलट मलाच विचारू लागले की मग शब्द खरा ना.

तुला सांगतो. जानेवारीत एका दुपारी दुकानातून आलो आणि पप्पांच्या खोलीबाहेर जमिनीवरच बसलो. आतून चमचा घासत नेल्याचा आवाज आला. मला कळलं काय ते. नेहमीसारखंच कळलं. आणि मी उठलो नाही. ऊन भिंतीवरून सरकून गेलं तोवर बसून राहिलो. ते घासत होते, मग थांबले. शेवटी आत गेलो तर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघत राहिले. चमचा उशीखाली लपवला होता.

त्यानंतर मला स्वतःची भीती वाटते. पुढच्या मंगळवारपासून मी गच्चीवर जायला लागलो. मी थकलोय हे कुणाला सांगायची सोय नव्हती, तुला तर नाहीच. देवाने बोलावलं म्हटलं की कुणी का म्हणून विचारत नाही. मी थकलोय, ताई. मला जायचं नाहीये कुठे. मला फक्त झोपायचंय.

धाकटा

६ मार्च

चि. लाडक्यास,
अ. आ.

तुझी इतकी पत्रं आली, त्यात हे पहिलं जे लिहिताना तुझं तोंड कडू झालं असेल. म्हणून मी त्यावर विश्वास ठेवते. मोकळा हो असं तो कदाचित म्हणालाही असेल. पण त्या शब्दाला ‘पप्पांना सोडून’ हे शेपूट तू आणि टाइलवाल्यांनी मिळून लावलंत.

आणि मी? फार शहाणी ना! गेलं वर्षभर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मनात एकच गोष्ट येते, घरी जा. वीज नाही, गच्ची नाही, गहिवर नाही. मला आवडणारं तर मुळीच नाही. मी समजले ॲसिडिटी आहे, आणि गोळ्या घेत राहिले. लोकांचे आवाज ओळखण्याचा पगार घेते मी.

महिन्याची रजा टाकली आहे. शनिवारी पोचते. तू आत्याकडे जा आणि झोप. पुढचं आपण दोघं आळीपाळीने बघू. वृद्धाश्रमाच्या मोठ्या खिडक्या काकांसाठी राखून ठेवू.

माझ्यासाठी करंडी आणू नकोस.

ताई

१५ मार्च

चि. कुंभकर्णास,
अ. आ.

आत्याचं कार्ड आलं. तू जेवायलाही उठत नाहीस म्हणते. छान.

इथे माझी शोभा चालली आहे. पाणी म्हणून पेला नेला तर कूस निघते, कूस म्हणून उचलायला गेले तर पाणी. परवा पप्पा माझ्याकडे बघून डाव्या गालाने हसले. तुझे काका येऊन गेले. मी देवाच्या योजनेत अडथळा आणतेय, असं म्हणाले. मी त्यांच्या हातात ओली चादर दिली आणि एक टोक धरून पिळायला सांगितलं. त्यांना एकाएकी कुठेतरी जायचं आठवलं.

आता कामाचं. एक ठोका मला काही केल्या लागत नाही. हळू, दोनदा. मध्ये थोडं थांबून, जणू दार वाजवतोय कुणी. मी पाणी दिलं, नको. कूस बदलली, नको. चादर कोरडी, खिडकी उघडली, बंद केली, गोळी बघितली. सगळ्याला मान हलवून नाही म्हणतात, आणि मी खोलीबाहेर गेले की पुन्हा तेच. काल रडायला आलं मला. हा ठोका तू तुझ्या पत्रात लिहिलाच नव्हतास. त्यांना काय हवं असतं?

लवकर कळव. लोभ वगैरे नंतर.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,
प्रभूत मनापासून सा. न. वि. वि.

तो लिहायचा राहिला, कारण त्यात करण्यासारखं काही नसतं. मलाही फार उशिरा कळला.

त्यांना काही नको असतं. कुणी आहे का, एवढंच विचारतात. खुर्ची ओढ आणि बस.

तुझा धाकटा